शाळा सुरू झाली, पण क आणि ग अजून आले नाहीत

पत्र: माझी लेक चार वर्षं दहा महिन्यांची आहे. जूनपासून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनिअर केजीला जायला लागली. घरी दिवसभर बडबड करते, गोष्टी सांगते, भांडतेसुद्धा. पण गाडीला ‘दाडी’, काकाला ‘ताता’, खाऊला ‘थाऊ’ आणि घराला ‘धल’ म्हणते. तिच्या नावातच दोनदा ग आहे, त्यामुळे वर्गातल्या मुलांना तिचं नावही कळत नाही. आम्हाला सवयीनं सगळं समजतं, बाईंना मात्र निम्मंही समजत नाही. बाई म्हणतात, दोन भाषांमुळे गोंधळ होतोय, घरी मराठी बंद करा. सासूबाई म्हणतात, हिचा बापही उशिराच नीट बोलायला लागला, आपोआप येईल. शेजारच्या काकू म्हणतात, जीभ चिकटली असेल, कापून घ्या. तिला सारखी सर्दी असते, झोपते तोंड उघडं ठेवून, आणि टीव्ही मोठ्या आवाजात लावते. हल्ली शाळेत ती गप्प बसायला लागली आहे. मी काय करू?
एक आई, निफाड तालुका

ताई,

तुम्ही लिहिलेले चारच शब्द पुन्हा वाचा आणि शेजारी मुळाक्षरांचा तक्ता धरा. क ख ग घ ही एक ओळ, त थ द ध ही दुसरी. तुमची लेक क च्या जागी त म्हणते, ख च्या जागी थ, ग च्या जागी द आणि घ च्या जागी ध. ओळ बदलते, रकाना बदलत नाही. ख म्हणताना श्वासाचा झोत लागतो, तो ती थ मध्ये बरोबर सोडते. ग म्हणताना गळ्यात कंप लागतो, तो द मध्ये बरोबर आणते. चारही अक्षरं तिच्या डोक्यात वेगवेगळी आहेत. तिला जमत नाही ती एकच गोष्ट: जिभेचा मागचा भाग उचलून टाळूच्या मागच्या मऊ भागाला टेकवायचा, तिथं तिच्या जिभेचं टोक पुढे दातांकडे धावतं. म्हणजे हा चार अक्षरांचा दोष नाही, एकाच सवयीचे हे चार परिणाम आहेत. त्यामुळे एक अक्षर पक्कं झालं की बाकीची तीन पुष्कळदा थोड्या मेहनतीत मागोमाग येतात.

तरीही आपोआप येईल म्हणून थांबू नका. कंठ्य वर्ण, म्हणजे क ख ग घ, पुढे ढकलण्याची ही सवय दोन-अडीच वर्षांच्या पुष्कळ मुलांना असते आणि साडेतीन-चार वर्षांपर्यंत बहुतेकांची सुटते. तुमची लेक पाचाला टेकली आहे. सर्वसाधारण आडाखा असा, की तीन वर्षांच्या मुलाचं तीन-चतुर्थांश बोलणं परक्या माणसाला कळावं आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं, एखादं अवघड अक्षर चुकलं तरी. बाईंना निम्मंही कळत नसेल तर ते वयाला धरून नाही. सासूबाईंचं निरीक्षण मात्र वाया घालवू नका. बोलण्याच्या अडचणी घराण्यात चालत येतात हे खरं आहे. पण वडिलांना तसा त्रास होता, हे मुलीची तपासणी लवकर करण्याचं कारण आहे. तज्ज्ञांकडे जाल तेव्हा ही माहिती आवर्जून सांगा.

‘घर’चं ‘धल’ होतं, त्यात र चा ल झालाय, त्याकडे सध्या बघूही नका. र हा मराठीतल्या सगळ्यात उशिरा येणाऱ्या वर्णांपैकी आहे. ळ, ण आणि जोडाक्षरंही तशीच. पाच-सहा वर्षांपर्यंत र ची वाट बघायला हरकत नाही. दोन्ही एकदम सुधारायला गेलात तर मूल वैतागतं आणि हातात काहीच लागत नाही.

जीभ कापण्याबद्दल. जीभ चिकटलेली असली, म्हणजे जिभेखालचा पडदा आखूड असला, तर अडतं ते जिभेचं टोक. ते वर दातांपर्यंत पोचायला त्रास होतो. तुमच्या लेकीचं टोक तर नको तितकं पोचतंय, म्हणून तर त, थ, द, ध ठणठणीत येतात. क आणि ग ला टोकाचं काही काम नसतं, ते खाली निवांत पडून राहतं. तेव्हा पडदा कापून क येणार नाही. शंका राहू नये म्हणून तपासताना तज्ज्ञ तिला जीभ बाहेर काढायला, वर नाकाकडे न्यायला आणि ओठांच्या कडांना लावायला सांगतीलच. वेखंड किंवा अक्कलकरा उगाळून जिभेला लावायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. जीभ चुरचुरली म्हणून ती कुठं टेकवायची हे मुलाला कळत नाही. लावू नका.

आणि मराठी बंद करायचं तर मनातही आणू नका. बाईंनी ते काळजीपोटी सांगितलं असेल, पण ते चुकीचं आहे. दोन भाषा कानावर पडल्यानं उच्चारदोष होत नाही. क आणि ग मराठीत आहेत तसे इंग्रजीतही आहेत. ती ‘काका’ला ‘ताता’ म्हणते तशीच ‘कॅट’ला ‘टॅट’ म्हणणार, कारण जीभ तीच आहे. घरी मराठी बंद केली तर तिचं एकच नुकसान नक्की होईल: जिथं ती मोकळेपणानं गोष्टी सांगते, भांडते, ती जागाच जाईल. ज्या भाषेत तिच्याकडे सर्वांत जास्त शब्द आहेत त्याच भाषेत सराव करायचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सुद्धा जमेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हणतं. बाईंशी बोलताना हा आधार घ्या.

आधी कान

तुमच्या पत्रातली आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ शेवटी आली: सारखी सर्दी, तोंड उघडं ठेवून झोप आणि टीव्हीचा मोठा आवाज. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय का, हे बघावंच लागतं. नाकाच्या मागच्या बाजूच्या ग्रंथी वाढल्या की कानाला हवा पोचवणारी नळी नीट उघडत नाही आणि पडद्यामागे चिकट द्रव साठतो. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. मुलाला ऐकू येतं, पण कानात बोटं घातल्यासारखं दबून, तेही आज एक, उद्या एक. अशा कानाला क आणि त मधला फरक धूसर होतो. तुमच्या लेकीच्या बाबतीत हेच मूळ कारण आहे असं आम्ही न तपासता म्हणणार नाही. पण कान न तपासता नुसत्या उच्चारांच्या सरावावर विसंबणं म्हणजे अंदाजपंचे काम.

श्रवणतज्ज्ञाकडे म्हणजे ऑडिओलॉजिस्टकडे दोन चाचण्या करून घ्या. पहिली खेळातली श्रवणचाचणी. कानावर हेडफोन लावतात, आवाज ऐकू आला की मुलानं एक ठोकळा डब्यात टाकायचा. पावणेपाच वर्षांचं मूल हे छान करतं. आदल्या दिवशी घरी वाटी-चमचा वाजवून आणि डब्यात राजमा टाकून हा खेळ खेळून घ्या, चाचणी निम्म्या वेळात होते. दुसरी टिम्पॅनोमेट्री. कानात मऊ बूच ठेवून हवेचा दाब किंचित बदलतात आणि पडदा हलतो का ते बघतात. दोन-तीन मिनिटांचं काम, दुखत नाही, फक्त तेवढा वेळ गिळायचं नाही, बोलायचं नाही. कागदावर ‘ए’ प्रकार आला तर ठीक. सपाट रेघ म्हणजे ‘बी’ प्रकार आला तर बहुधा पाणी आहे (मळ अडकल्यानंही तशी रेघ येते, म्हणून आधी कानात बघून घेतात). ‘सी’ आला तर दाब कमी आहे, काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. झोपेचं औषध देऊन करतात ती बेरा चाचणी सहसा लहान बाळांसाठी किंवा सहकार्य न करणाऱ्या मुलांसाठी असते. थेट बेराच सुचवली तर ‘आधी खेळातली करून बघूया का?’ असं विचारायला संकोचू नका.

पाणी निघालंच तर घाबरू नका. ते पुष्कळदा स्वतःहून ओसरतं, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञ साधारण तीन महिने थांबून पुन्हा तपासतात. दोन्ही कानांत टिकून राहिलं आणि ऐकणं कमी झालेलं असलं तर पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विचार होतो. त्या काळात कानात तेल, लसणाचं तेल, काही घालायचं नाही. तिच्याशी समोर येऊन, चेहरा दिसेल असं बोलायचं आणि बोलताना टीव्ही बंद ठेवायचा. या तीन महिन्यांत उच्चारांचा सराव थांबवायची गरज नाही.

कुणाकडे जायचं

वाचा-उपचार तज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट. पाटीवर हे शब्द कुणीही लिहितं, म्हणून दोन गोष्टी विचारा: बीएएसएलपी (वाचा-श्रवण विषयातली पदवी) किंवा त्यावरची पदवी आहे का, आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय. हा क्रमांक विचारण्यात अपमान काही नाही. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राबद्दल चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (2013 पासून) जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ऐकण्याच्या, बोलण्याच्या अडचणी तिथं बघितल्या जातात. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जातात. तुमची शाळा त्यात येत नसेल तर पथकाची वाट न बघता थेट रुग्णालयात जा. मुंबईकडे जाणं-येणं असेल तर वांद्रे रिक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचा वाचा-श्रवण विभाग, पुण्यात भारती विद्यापीठाची वाचा-श्रवण शाखा. शिकवणाऱ्या संस्थांमध्ये विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो.

जाताना दोन वस्तू न्या. एक, फोनवर पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण, ती खेळताना आपल्या मनानं बोलतेय असं. ‘म्हण बघू’ असं सांगून केलेलं नको. दुसरी, शब्दांची यादी: काऊ, केळं, नाक, माकड, खाऊ, खिडकी, पंख, गाय, गाडी, फुगा, आग, घर, घोडा, वाघ. चित्र किंवा वस्तू दाखवून विचारा आणि ती म्हणेल ते जसंच्या तसं लिहा, ‘मातड’ म्हणाली तर ‘मातड’. एखाद्या शब्दात क, ख, ग किंवा घ चुकून बरोबर आला तर त्याला ठळक खूण करा. ‘पंख’ किंवा ‘रंग’मध्ये तो बरोबर येतो असं काही मुलांत दिसतं, कारण अनुस्वाराचा ङ म्हणताना जीभ आधीच मागे गेलेली असते. असा एक शब्द सापडला तर तिथूनच उपचार सुरू होतो.

तज्ज्ञांना विचारायचे प्रश्न: आधी कोणतं अक्षर घेणार, घरी रोज काय करायचं, मी खोलीत बसू का? पालकांना दाराबाहेर बसवून आठवड्याला अर्धा तास मुलाला आत नेणं आणि घरी काही न देणं, यातून फार कमी घडतं. त्याहून कमी घडतं ते शिट्ट्या वाजवणं, फुगे फुगवणं आणि जीभ वर-खाली हलवण्याच्या व्यायामातून. जीभ बळकट झाली की क येईल हा समज फार पसरलाय. तुमच्या लेकीची जीभ अशक्त नाही, तिला जागा शिकायची आहे, आणि ती क म्हणायला लागूनच शिकता येते. सगळा वेळ फुग्यांत जात असेल तर दुसरे तज्ज्ञ शोधा.

घरचा सराव

तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत हे सुरू करता येईल. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पाच ते सात मिनिटं, ठरलेल्या जागी. एवढाच वेळ उच्चारांचा, बाकी दिवस नाही. अर्धा तास रेटण्यापेक्षा पाच मिनिटं दोनदा जास्त उपयोगी पडतात.

पहिला आठवडा फक्त ऐकण्याचा. क आणि ग चे बारा-पंधरा शब्द चित्रं दाखवत तुम्ही स्पष्ट, थोडे सावकाश म्हणा. तिनं मागे म्हणायचं नाही. दीड-दोन मिनिटांत संपतं. मग वेगळं ओळखण्याचा खेळ: कार आणि तार, नाक आणि नात, गार आणि दार, वाक आणि वात. दोन चित्रं समोर ठेवा, तोंडासमोर कागद धरून तुम्ही एक शब्द म्हणा, तिनं बोट दाखवायचं. दहापैकी नऊ वेळा बरोबर आलं तरच पुढे जायचं. इथं ती अडली तर इथंच थांबा, आणि कानांच्या तपासणीची तारीख अलीकडे घ्या. एक गंमत दिसेल: तुम्ही मुद्दाम ‘दाडी’ म्हणालात तर ती चिडून म्हणेल, ‘दाडी नाही, दाडी!’ तिला तुमच्या तोंडची चूक ऐकू येते, स्वतःची येत नाही. मुलं हट्टानं चुकीचं बोलत नाहीत, ते यावरून दिसतं.

मग आवाज काढायचा. पहिला मार्ग खाकरण्याचा. घशात काही अडकल्यासारखं खाकरायला सांगा, त्यात जीभ मागे जाते. दुसरा गुळण्यांचा: बसूनच, घोटभर पाण्यानं, मान किंचित मागे. पाणी तोंडात असताना आडवं करायचं नाही. तिसरा मार्ग आडवं पडण्याचा. तिला गादीवर उताणं झोपवा, उशी नको, तोंड रिकामं. या स्थितीत जीभ आपल्या वजनानं मागे सरकते. आता तिचंच स्वच्छ बोट किंवा आइसक्रीमची काडी खालच्या दातांमागे जिभेच्या टोकावर हलकेच ठेवा, टोक तिथंच राहू दे, आणि ‘क्’ कुजबुजायला सांगा. काडी टोकावरच ठेवायची. आत गेली तर मुलाला उमासा येतो आणि मग ते आठ दिवस तोंड उघडत नाही. आरशात तिला दाखवा: त म्हणताना जीभ पुढे दिसते, क म्हणताना तोंड उघडं आणि टोक खाली.

बहुतेक मुलांना या प्रयत्नात आधी क पेक्षा ख सारखं काहीतरी येतं, श्वासाचा झोत जास्त असतो. तो घ्या, खुश व्हा. मराठीत ख हे स्वतंत्र अक्षर आहे, तेव्हा ‘खाऊ’ हा पहिला शब्द ठरू शकतो, आणि त्याहून चांगलं बक्षीस तरी कुठलं? झोत कमी करत क वर यायला नंतर वेळ लागत नाही.

आवाज एकटा दहातून आठ वेळा यायला लागला की स्वर जोडा. क्रम महत्त्वाचा आहे: आक, ओक, ऊक, मग का, को, कू, आणि कि, के अगदी शेवटी. इ आणि ए म्हणताना जीभ पुढे येते आणि क ला सोबत ओढते. ‘केळं’ आणि ‘किल्ली’ रोजचे शब्द म्हणून लोक तिथून सुरू करतात आणि आठवडाभर अडकून पडतात. ‘का’ म्हणताना ‘क-ता’ असं काहीतरी आलं तर मध्ये थांबा घ्या: कुजबुजत क्, एक क्षण, मग आ. हळूहळू अंतर कमी करा.

मग शब्द. आधी शेवटी क असलेले: नाक, चाक, एक, भूक, फूक. मग सुरुवातीचे: काऊ, काका, खाऊ, गाय, घे. मग मधले: माकड, फुगा, बाकी. आता महत्त्वाचं. ज्या शब्दात क वर्गाबरोबर त, द, ट किंवा ड आहे तो शब्द खूप नंतर घ्या: ताक, काटा, गादी, खिडकी, तिकीट, आणि हो, गाडीसुद्धा. शेजारचं टोकाचं अक्षर जिभेला पुन्हा पुढे खेचतं. आई-बाबा नेमके ‘गाडी म्हण, गाडी’ असं धरून बसतात, कारण तीच चूक कानाला जास्त टोचते. ‘माकड’मध्येही ड आहे, अवघड गेलं तर तोही मागे ठेवा. एका बैठकीत पाच-सहा शब्दच घ्या, पण प्रत्येक आठ-दहा वेळा होईल असा खेळ करा: प्रत्येक शब्दाला एक मणी, एक ठोकळा, सापशिडीची एक उडी. एकूण 40 ते 60 उच्चार झाले पाहिजेत, दहा नाही.

शब्द जमले की अर्थाचा खेळ आणा, कारण बदलायचं खरं कारण मुलाला तिथं सापडतं. तिनं आज्ञा द्यायची, तुम्ही पाळायची. ‘वाक’ म्हणाली तर वाका. ‘वात’ म्हणाली तर निरांजनातली वात दाखवा आणि विचारा, ‘ही हवी का?’ ती म्हणेल, नाही नाही, आणि पुन्हा प्रयत्न करेल. चेष्टेचा सूर अजिबात नको. दोनदा चुकली तर ‘टोक खाली’ एवढंच आठवण करून द्या आणि तिसऱ्यांदा तुम्ही सोबत म्हणा. दहातून आठ वेळा शब्द बरोबर आले की दोन शब्द (माझं नाक, गोड खाऊ), मग वाक्यं.

तिचं नाव मात्र सरावात लवकर घेऊ नका. ग दोनदा असलेला, मुलाच्या स्वाभिमानाशी जोडलेला शब्द चुकीचाच पुन्हा पुन्हा म्हणायला लावणं बरं नाही. ग सुरुवातीला आणि मधे, दोन्हीकडे पक्का झाला की नाव एका आठवड्यात येतं.

उरलेल्या दिवसभरात एकच नियम. ‘नीट बोल’, ‘पुन्हा म्हण’ बंद. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावणं बंद. ती म्हणाली ‘बाबा, दाडी आली’, तर तुम्ही म्हणा, ‘हो गं, गाडी आली. केवढी मोठी गाडी!’ आणि पुढे बोला. बरोबर शब्द तिच्या कानावर पडला, तिचं बोलणंही तुटलं नाही. काही कळलंच नाही तर कळल्याचं नाटक करू नका, मुलांना ते लगेच समजतं. जेवढं कळलं तेवढं परत म्हणा: ‘शाळेत कुणीतरी काहीतरी घेतलं, हो ना? दाखव बरं, काय घेतलं?’

शाळेशी काय बोलायचं

ती गप्प बसायला लागली आहे, हे आम्हाला उच्चारांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं, आणि यावर उद्याच काही करता येईल. बाईंना एका कागदावर तिच्या शब्दांचा छोटा कोश लिहून द्या, पंधरा-वीस शब्द, डावीकडे ती म्हणते तो आणि उजवीकडे खरा. सुरुवात गरजेच्या शब्दांनी करा: लधवी म्हणजे लघवी, दुथतंय म्हणजे दुखतंय, भूत म्हणजे भूक. मुलीनं ‘भूत लादली’ म्हटलं आणि बाई हसल्या, तर ती पुन्हा मागणार नाही. तिचं नाव ती कसं म्हणते तेही लिहा आणि वर्गाला ते बाईंनीच स्वतः, स्पष्ट उच्चारून सांगावं अशी विनंती करा.

बाईंकडे आणखी तीन गोष्टी मागा. तिला पुढे, फळ्याजवळ बसवावं. एका कानानं कमी ऐकू येतंय असं निघालं तर चांगला कान बाईंच्या बाजूला राहील असं. मुळाक्षरं आणि बडबडगीतं एकटीला उभं करून न घेता सगळ्यांबरोबर म्हणू द्यावीत, कारण ‘क कमळाचा’ला ‘त तमळाचा’ झालं की वर्ग हसतो. आणि तोंडी परीक्षेत तिला चित्राकडे बोट दाखवून उत्तर देऊ द्यावं. तिला उत्तर येतं, उच्चार येत नाही. कुणी मूल हसलंच तर बाईंनी एवढंच म्हणावं, ‘ती क शिकतेय, तू जोडाक्षरं शिकतोयस.’

लिहायला लागेल तेव्हा ती क ऐवजी त लिहील अशी शक्यता आहे, कारण मुलं लिहिताना मनात म्हणून बघतात. त्याला लेखनाची चूक धरून दहा वेळा लिहायला लावू नये. उच्चारदोष असलेल्या काही मुलांना पुढे वाचनात, शुद्धलेखनात अडचण येते, म्हणून आत्तापासून यमकाचे आणि अक्षर ओळखण्याचे खेळ खेळा: ‘कप, काऊ, पाय, यात वेगळं कोण सुरू होतं?’ हे कानाचे खेळ आहेत, त्यात तिला उच्चार करावा लागत नाही.

तुमच्या पत्रातून तरी दिसत नाहीत, पण पुढच्या काही खुणा दिसल्या तर थांबू नका: आवाज नाकातून येतो किंवा पाणी पिताना नाकातून येतं, एकच शब्द तीन वेळा तीन तऱ्हेनं येतो, चावायला, गिळायला त्रास, सतत लाळ, आधी येत असलेले शब्द गेले, दोन सूचना एकत्र दिल्या तर कळत नाहीत, किंवा बोलताना शब्द अडखळतो आणि चेहरा, मान ताठ होते. यातलं प्रत्येक वेगळं प्रकरण आहे आणि वर सांगितलेला सराव त्यावर उपाय नाही.

नियमित सराव आणि तज्ज्ञांची आठवड्याला एक-दोन सत्रं असतील, कान स्वच्छ असतील, तर अशा मुलांत काही महिन्यांत परक्यालाही जाणवेल असा फरक पडतो. मधे एक टप्पा येईल तेव्हा दचकू नका. क नवा नवा पक्का झाला की ती तो नको तिथंही लावेल: ‘ताट’ला ‘काट’, ‘तू’ला ‘कू’, ‘दार’ला ‘गार’. घरच्यांना वाटतं, होतं तेही बिघडलं. बिघडलेलं नसतं, तिच्या जिभेला मागची जागा सापडलेली असते आणि कोणत्या शब्दाला कोणती, हे लावणं चाललेलं असतं. तेव्हा क चा सराव न थांबवता कार-तार, नाक-नातची चित्रं पुन्हा काढा, आणि या वेळी दोन्ही शब्द तिला म्हणू द्या, चित्र तुम्ही ओळखा.

कानांच्या तपासणीचा कागद हातात आला की त्यावर काय लिहिलंय ते आम्हाला कळवा, पुढचं त्याप्रमाणे सांगू.